शिट्टीसरांची नाडी

"कोणी हलायचं नाही!"

मामांचा हुकूम सुटला तसा घड्याळजीने ओठांपर्यंत नेलेला चहाचा कप हवेतच धरून ठेवला. त्याच्या बायकोने भांडी घासता घासता नळ बंद केला आणि साबणाचे हात वर धरून ती भिंतीकडे बघत उभी राहिली. खिडकीजवळच्या खुर्चीत मामा ताठ बसले होते. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, डोळे टेबलावरच्या जुन्या स्टॉपवॉचवर, आणि ओठ पुटपुटत. मोजणीत कोणी खोकलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हायची. त्यामुळे घरातली माणसं आताशा श्वाससुद्धा मामांच्या सोयीने घेत असत.

काटा फिरून जागेवर आला. मामांनी बटण दाबलं आणि नापासांची नावं वाचून दाखवावीत तशा आवाजात जाहीर केलं,

"ब्याण्णव."

"कालही तेवढेच होते की, मामा," बायको म्हणाली. "वाढले तर नाहीत ना?"

"सूनबाई, घराला आग लागल्यावर 'वाढली तर नाही ना' असं विचारतं का कोणी?"

तिने नळ सोडला आणि घड्याळजीने एव्हाना गार झालेला चहा पिऊन टाकला.

मामांना सगळं गाव शिट्टीसर म्हणत असे. उभी हयात त्यांनी शाळेच्या मैदानावर काढली होती. गळ्यात एक शिट्टी, एक चावीचं स्टॉपवॉच आणि मैदानाच्या पार पलीकडच्या पोराला जागच्या जागी उभा करणारा आवाज, एवढ्यावर त्यांनी दोन पिढ्या पळवल्या. मग निवृत्ती आली, पाठोपाठ मामीही गेल्या, आणि मामा आपली पेटी उचलून या घड्याळजी भाच्याकडे राहायला आले. शिट्टी पेटीत होती, स्टॉपवॉच मात्र गळ्यातच होतं. पळवायला पोरं उरली नव्हती, तेव्हा मामांनी आपल्या हृदयालाच मैदानात उतरवलं.

त्यात हसण्यासारखं होतं तसं रडण्यासारखंही होतं. मामी झोपेत गेल्या होत्या. रात्री 'दिवा मालवा' म्हणाल्या आणि सकाळी उठल्याच नाहीत. तेव्हापासून झोप म्हटलं की मामा उठून बसायचे.

"आपण झोपलो आणि मोजायला कोणी जागं नसलं, तर ते चाललंय की थांबलंय हे कळायचं कसं?" ते विचारायचे.

मामा अंथरुणाला पाठ टेकायचेच नाहीत. दिवसा खुर्चीत मान कलंडली की दचकून जागे व्हायचे आणि आधी मनगट पकडायचे. गाल बसले, डोळ्यांखाली काळं धरलं, आवाजाची तर रयाच गेली. घड्याळजीला ते बघवेना. वडील गेल्यावर याच मामांनी त्याला बोटाला धरून आपल्या घरी आणलं होतं. लहानाचा मोठा केला, आणि पुस्तकांशी याचं जमणार नाही हे ओळखून गावातल्या म्हाताऱ्या घड्याळजीच्या हाताखाली बसवलं. त्या म्हाताऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्ताद गेले तेव्हा त्यांची हत्यारं आणि जुन्या सुट्या भागांनी भरलेले पत्र्याचे डबे या पोराकडे आले. आता घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं दुकान होतं.

डॉक्टरला दाखवून झालं होतं. डॉक्टर मामांचाच विद्यार्थी. त्याने हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, पाठीला नळी लावून मामांना खोल श्वास घ्यायला लावला आणि म्हणाला, "सर, काहीही झालेलं नाही. नाडी बहात्तर. तरण्या पोराने हेवा करावा."

"बहात्तर?" मामा कडाडले. "पंधरा सेकंद मोजतोस आणि चारने गुणतोस! पाढे कधी आले होते रे तुला?"

डॉक्टरचे कान लाल झाले. त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर चौकटीत घातलेलं प्रमाणपत्र होतं. शंभर मीटर धावणे, शाळेचा विक्रम, खाली शिट्टीसरांची सही. तो विक्रम आजतागायत कोणाच्या बापाला मोडता आला नव्हता. वैद्यकीय पदवी त्याने आतल्या खोलीत लावली होती.

निघताना डॉक्टरने घड्याळजीला बाजूला घेतलं. "इथे बहात्तर आणि घरी ब्याण्णव. धास्तीने वाढत असणार. एवढं मोजणं थांबव, झोप आपोआप येईल."

एवढं मोजणं थांबव! सांगायला त्याचं काय जातंय? घड्याळजीने एकदा स्टॉपवॉच पिठाच्या डब्यात लपवून पाहिलं. मामांनी दुसरं घड्याळ हातात धरायला साफ नकार दिला. "या घड्याळावर मी दोन पिढ्या मोजल्यात. बाकीच्यांचा मला भरवसा नाही," ते म्हणाले आणि वेळेविनाच मोजत बसले. जेवताना मोजत होते, अंघोळीत मोजत होते, वर्तमानपत्र उलटं धरून मोजत होते. आकडा इतका वर गेला की तो म्हणता म्हणता त्यांना धाप लागली, आणि धाप लागली म्हणून ते आणखी घाबरले. संध्याकाळच्या आत स्टॉपवॉच पीठ झटकून त्यांच्या गळ्यात परत गेलं.

आता घड्याळजीची एक खोड सांगायला हवी. जगातली कुठलीही भानगड थोडी पुढे किंवा थोडी मागे सरकवली की सुटते, असं त्याला मनापासून वाटायचं. नळ गळत असो, शेजारी भांडत असो, हा म्हणायचा, "अर्धा आटा फिरवा, झालं." एके सकाळी मामा अंघोळीला गेलेले असताना त्याने बायकोला हळूच बाजूला घेतलं.

"मामांचे ठोके कमी करता येत नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"पण मिनिट लहान करता येतं. टोपली लहान केली की फळं कमी मावतात. घड्याळ जरा पळवायचं, बस. काटा लवकर फिरला की ठोके बहात्तरच भरतील."

"म्हणजे मामांना फसवायचं?"

"फसवायचं काय? धीर द्यायचा."

"घड्याळातून?"

"मला दुसरं काय येतं?"

मामा स्टॉपवॉच गळ्यातून काढायचे ते फक्त अंघोळीपुरतं. न्हाणीघराच्या दाराबाहेरच्या खुंटीवरून घड्याळजीने ते अलगद उचललं आणि दुकानात येऊन डोळ्याला भिंग लावलं. त्या घड्याळाची टिकटिक ऐकतच तो लहानाचा मोठा झाला होता. इतका, की त्याच्या कानाला तीच टिकटिक बरोबर वाटायची आणि गिऱ्हाइकांची घड्याळं उगाच घाईत असल्यासारखी वाटायची. त्याने मागचं झाकण उघडलं. आतली केसासारखी कमान जरा जास्तच नाजूक दिसली. कधीतरी दुरुस्तीत बदलली असेल, असं म्हणत त्याने ती काढून ठेवली आणि उस्तादांच्या डब्यात जराशी जाड कमान शोधायला घेतली; कमान जाड असली की घड्याळ पळतं. तळाशी, कागदात गुंडाळलेली एक मिळाली. ती पहिल्याच फटक्यात अशी चपखल बसली की घड्याळजीने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. टिकटिक चांगलीच भरभर सुरू झाली. समोर अचूक वेळ दाखवणारं मोठं घड्याळ होतं, पण त्याच्याशी ताडून बघायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. खोटंच करायचं तर ते तपासायचं कशाशी?

टेबलाच्या कोपऱ्यात त्याचा शाळेतला कप होता. 'धावण्यात सर्वाधिक प्रगती' असं त्यावर कोरलेलं होतं. त्यात तो आता बारीक स्क्रू ठेवायचा, पण नव्या गिऱ्हाइकाला कप दाखवल्याशिवाय सोडायचा नाही. "रोज शेवटचा यायचो मी. पण हरलो नाही. महिन्यात वेळ कुठल्या कुठे आणली," हे त्याने इतक्या जणांना ऐकवलं होतं की त्याच्या बायकोला ते मागे-पुढे दोन्हीकडून पाठ होतं. त्याने कपातला एक स्क्रू घेतला, झाकण बंद केलं आणि मामा अंग पुसायच्या आत घड्याळ खुंटीला अडकवलं.

"कोणी हलायचं नाही!"

कप हवेत. नळ बंद. घड्याळजीचं स्वतःचं हृदय एवढ्या जोरात धडधडत होतं की ते मामांच्या हिशोबात जाईल अशी त्याला भीती वाटली. काटा फिरला. मामांनी बटण दाबलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं मामा?"

"बहात्तर," मामा कुजबुजले.

"वा!"

"वा काय? थांब. पुन्हा."

पुन्हा बहात्तर. मग हात बदलून, मग उभं राहून, मग पाणी पिऊन. सगळीकडून बहात्तर. मामा मटकन खुर्चीत बसले. "डॉक्टरच्या गोळीशिवाय उतरले! आपोआप उतरले!" म्हणाले, आणि असं म्हणता म्हणताच त्यांची मान मागे टेकली, तोंड उघडलं, आणि कित्येक महिन्यांत त्या घराने न ऐकलेला आवाज आला. मामा घोरत होते. बायकोने त्यांच्या अंगावर पांघरूण टाकलं आणि डोळ्याला पदर लावला. घड्याळजी दुकानात गेला आणि कपाकडे बघून हसला.

चार दिवस घर नुसतं तरंगत होतं. मामा झोपत होते, जेवत होते, सुनेची चेष्टा करत होते. पहिलं विघ्न आलं ते अंड्यातून. मामा सकाळचं अंडं स्वतः उकडायचे, अर्थातच स्टॉपवॉच लावून. ते अंडं फोडलं की आतून पाणी यायला लागलं.

"सूनबाई, शेगडीत काहीतरी बिघाड आहे."

"नाही हो मामा. माझा स्वयंपाक होतोय की."

"वेळ तीच आहे, अंडी तीच आहेत. मग?"

शेगडीवाल्याला बोलावलं. त्याने सगळी शेगडी उलटीपालटी केली, काहीही बिघाड नाही असं सांगितलं आणि तो निघून गेला. बिघाड त्याच्यानंतर झाला. त्या दिवसापासून एक बर्नर पेटेना.

पण अंड्याचं एक वेळ चाललं असतं. झोप मिळाल्यामुळे मामांच्या अंगात तरतरी आली, आणि तरतरी आली म्हणून बंद पडलेली सकाळची चक्कर त्यांनी पुन्हा सुरू केली. बागेला एक वेढा मारायला आपल्याला किती वेळ लागतो हे मामांना वर्षानुवर्षं पाठ होतं. पहिल्या दिवशी परत आले ते भूत बघितल्यासारखे.

"मी हळूहळू बंद पडत चाललोय," ते दारातच म्हणाले.

"म्हणजे?"

"पाय तेच, बाग तीच. वेळ बघ!" त्यांनी स्टॉपवॉच घड्याळजीच्या नाकासमोर धरलं. "एवढा वेळ? माझ्यामागून कुबडीवाली बाई गेली असती पुढे!"

मिनिट लहान केलं तर नुसती नाडीच नाही, सगळं जगच त्या मिनिटात बसेनासं होणार, हे घड्याळजीच्या टाळक्यात आलंच नव्हतं. "अहो, बऱ्याच दिवसांनी चाललात. पाय आखडले असतील," तो कसाबसा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामा जवळजवळ पळतच वेढा मारून आले. तरी वेळ जुन्यापेक्षा जास्त. मग त्यांनी श्वास रोखून पाहिला. तो मात्र पूर्वीपेक्षा खूपच जास्त टिकला. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. मामा हादरले.

"शरीर श्वास मागेनासं झालंय!"

"मामा, ही चांगली गोष्ट आहे," बायको म्हणाली.

"सूनबाई, नाडी उतरली, पाय मंदावले, श्वास लागेना. आता काय उरलंय सांग? इंजिन थंड पडत चाललंय. आणि थंड पडणारं इंजिन झोपेतच बंद होतं."

झालं! होती नव्हती ती झोपही गेली. पूर्वी हृदय फार चालतं म्हणून झोप येत नव्हती, आता कमी चालतं म्हणून. मामा ठोके वाचवायला लागले. जिना चढेनात, मोठ्याने बोलेनात. एका वाक्यात दोनदा थांबू लागले आणि घरातल्यांनीही तसंच बोलावं असा आग्रह धरू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उघडली. धावायचे बूट घड्याळजीला दिले, मफलर सुनेला दिला, आणि शिट्टी रुमालात बांधून म्हणाले, "ही... डॉक्टरला. तो माझा... सगळ्यात वेगवान मुलगा."

बायकोने घड्याळजीला स्वयंपाकघरात ओढलं. "आजच्या आज सांगून टाका."

"काय सांगू? की तुमच्या घड्याळात मी हात घातला? ते मरतील."

"नाही सांगितलं तर घाबरूनच मरतील!"

माणूस धीर द्यायला जातो काय आणि मामा बूट वाटायला लागतात काय! शेवटी असं ठरलं की आधी डॉक्टरकडे न्यायचं. त्याने धीर दिला तर ठीक, नाहीतर घड्याळ गुपचूप उघडून जुनी कमान परत बसवायची. ती त्याने खिशातच ठेवली होती.

दवाखान्यात मामांना दोन्ही बाजूंनी धरून आणावं लागलं. खिशातली रुमालात बांधलेली शिट्टी त्यांनी आधी टेबलावर ठेवली. डॉक्टरने मनगट धरलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"सर, बहात्तर!"

"तेच... तर... म्हणतोय मी!" मामा म्हणाले, आणि ठोके वाचवायचं विसरून पुढे एकदम ओरडले, "माझे वीस ठोके गेले कुठे?"

"पण बहात्तर उत्तमच आहेत."

"दुसऱ्यांचे असतील. माझे ब्याण्णव असतात!"

"सर, गेल्या वेळीही बहात्तरच होते. त्याआधीही. मी लिहून ठेवलंय."

"तुझा गुणाकार चुकला असेल."

डॉक्टरने सकाळपासून बरेच पेशंट बघितले होते. त्याचा संयम सुटला. "सर, तुमचं घड्याळ चुकत असेल!"

आजवर हे वाक्य मामांच्या तोंडावर कोणी उच्चारलं नव्हतं. मामा हळूहळू उठून उभे राहिले. कोणी धरलं नव्हतं तरी ताठ उभे राहिले.

"या घड्याळावर तुझा विक्रम लागलाय, गाढवा. हे चुकीचं असेल तर ती भिंतीवरची चौकट उतरव आधी!"

"मग लावूनच बघू," डॉक्टर म्हणाला आणि त्याने हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "दोन्ही एकदम."

"अहो, कशाला वाद," घड्याळजी पुढे झाला. "मामा, द्या इकडे, मी जरा तेल घालून..."

"हात लावायचा नाही!" मामा आणि डॉक्टर एकदमच ओरडले. बायकोने त्याला मागून चिमटा काढला. तो चिमटा 'भोगा आता' अशा अर्थाचा होता.

डॉक्टरच्या घड्याळाचा काटा वर आला आणि मामांनी अंगठा दाबला. दोन काटे निघाले. घड्याळजीने एक डोळा मिटून घेतला. आता मामांचा काटा पुढे जाणार, मामांना कळणार, आणि ज्या माणसाने आपल्याला वाढवलं त्याने आयुष्यभर छातीवर बाळगलेली एकमेव वस्तू आपण नासवली हे सगळ्यांसमोर उघडं पडणार. पाव मिनिट झालं. अर्धं झालं. त्याने दुसराही डोळा मिटला.

"बघ!" मामांचा आवाज खणखणला. "काट्याला काटा! एका सेकंदाचासुद्धा फरक नाही!"

घड्याळजीने डोळे उघडले. दोन्ही काटे एकाच वेळी डोक्यावर येऊन पोचले होते.

"शक्यच नाही!" तो किंचाळला.

"काय शक्य नाही?"

"हे बरोबर असूच शकत नाही! मी स्वतः ते पळवलंय!"

बोलून गेल्यावर त्याने तोंडावर हात ठेवला, पण आता त्याचा उपयोग नव्हता. बायकोने कपाळाला हात लावला. डॉक्टर एकदा मामांकडे, एकदा भाच्याकडे बघत राहिला.

"तू... माझ्या घड्याळात हात घातलास?" मामांनी विचारलं. आवाज अगदी खाली आला होता. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला झोप यावी म्हणून, मामा. ठोके कमी भरले की तुम्ही झोपाल असं वाटलं. तुमच्याकडे बघवत नव्हतं हो." घड्याळजी रडायला लागला. पण तो पडला शेवटी घड्याळजी. रडता रडता त्याचं डोकं दुसरीकडे चालायला लागलं. "थांबा. मी पळवल्यावर हे बरोबर झालं. म्हणजे आधी हे मागे पडत होतं, मिनिट लांबवत होतं! आणि थोडंथोडकं नाही. आत भलतीच बारीक कमान होती." त्याने खिशातून ती काढली. "आणि मी बसवली ती उस्तादांच्या डब्यात होती. कागदात गुंडाळून ठेवलेली. अशी बसली, जशी काही..." तो थांबला. "अहो, ती याच घड्याळाची होती! उस्तादांनीच काढून ठेवली असणार. पण उस्ताद असलं काम करायचे नाहीत. कोणी मुद्दाम सांगितल्याशिवाय."

सगळ्यांनी मामांकडे बघितलं. मामा आपल्या बुटांच्या नाड्या बघत होते.

"पंखा जरा मोठा कर रे," ते डॉक्टरला म्हणाले.

"मामा?"

मामा भाच्याकडे न बघता बोलायला लागले. "तू नवीन आला होतास आमच्याकडे. बाप गेलेला. दर शर्यतीत शेवटचा. दुसऱ्या दिवशी मैदान असलं की आदल्या रात्री जेवायचा नाहीस, झोपायचा नाहीस, छातीला हात लावून बसायचास. म्हणायचास, मामा, माझ्या आत काहीतरी बिघडलंय. तुझी मामी रडायची. मला समजावता येत नाही रे, मला नुसतं ओरडता येतं. म्हणून उस्तादांकडे गेलो. म्हटलं, घड्याळ जरा मायाळू करून द्या. धावायची वेळ कमी दिसू दे, पोराला वाटू दे आपण सुधारतोय. पहिल्या दिवशी तुला वेळ दाखवली आणि त्या रात्री तू झोपलास. असा घोरलास! मग म्हटलं, परत नीट करून आणू. आज आणू, उद्या आणू." त्यांनी हात झटकला. "राहून गेलं. पुढे मलाच आठवेनासं झालं."

डॉक्टर खुर्ची सरकवून सावकाश मागे वळला आणि चौकटीतल्या प्रमाणपत्राकडे बघू लागला.

"सर, म्हणजे माझा विक्रम..."

मामांनी खिडकीबाहेर बघितलं.

"म्हणूनच बाहेरच्या शाळांबरोबर धावलो तेव्हा मी शेवटून पहिला आलो! तुम्ही म्हणालात, वारा उलटा होता!"

"वारा होता थोडा," मामा म्हणाले.

"आणि माझा कप?" घड्याळजीने विचारलं. त्याचा आवाज एवढासा झाला होता.

"कप खरा पितळेचा आहे," मामा घाईने म्हणाले.

बायकोला हसू फुटलं. ती तोंडाला मफलर लावून हसत सुटली आणि तिला कोणी थांबवलं नाही. मग मामांना काहीतरी उमगलं आणि ते डॉक्टरकडे वळले.

"अरे, म्हणजे माझे पहिल्यापासून बहात्तरच होते?"

"पहिल्यापासून, सर."

"आणि बागेचा वेढा?"

"तुमच्या वयाला शोभेल असाच."

"हं." मामांनी घटकाभर विचार केला. "तुझा गुणाकार बरोबर होता तर." एवढं बोलून त्यांनी रुमालातली शिट्टी टेबलावरून उचलली आणि परत खिशात टाकली. आता ती द्यायची काही गरज उरली नव्हती.

घरी आल्यावर मामा ओल्या अंड्याबद्दल एक शब्दही न काढता जेवले, अंथरुणावर आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले. घड्याळजी दुकानात येऊन बसला. गिऱ्हाइकांची घड्याळं पडली होती, पण हात चालेना. कपातले स्क्रू त्याने डबीत ओतले आणि कप पुसून समोर ठेवला. शाळेत मार खाताना, दुकान पहिल्यांदा उघडताना, बायकोला मागणी घालायला जाताना, दर वेळी त्याने मनात हा कप धरला होता. आपण शेवटचे होतो पण सुधारलो, एवढ्या एका गोष्टीवर तो उभा होता. आणि सुधारली होती ती कमान! छातीत धडधडायला लागलं. त्याची बोटं नकळत मनगटावर गेली. नाडी चांगलीच उडत होती. पुन्हा बघितलं, तर आणखी उडत होती. आत काहीतरी बिघडलंय, असं त्याच्या मनात आलं.

केव्हातरी मामा उठून बाहेर आले. त्यांनी कपाकडे बघितलं, भाच्याच्या मनगटावरच्या बोटांकडे बघितलं, आणि शेजारचं स्टूल ओढून बसले.

"हात दे इकडे."

"नको मामा. काही नाही."

"दे म्हणतो ना."

मामांनी त्याचं मनगट धरलं. त्यांचा हात कोमट होता, झोपेतून उठलेल्या माणसाचा असतो तसा. दुसऱ्या हातात त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच घेतलं, अंगठा बटणावर ठेवला आणि तबकडीकडे बघत पुटपुटायला सुरुवात केली. घड्याळजी मान खाली घालून ऐकत होता. मामांचं पुटपुटणं ऐकू येत होतं, आतल्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. स्टॉपवॉचची टिकटिक मात्र ऐकू येत नव्हती. घड्याळ मामांनी चालूच केलं नव्हतं.

"बहात्तर," मामा म्हणाले.

घड्याळजीने वर बघितलं. मामांच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"नक्की?"

"मी कधी चुकलोय?"

घड्याळजीच्या छातीतलं धडधडणं एकेक पायरी उतरावं तसं खाली येत गेलं. त्याने हात टेबलावर घेतले, त्यावर डोकं टेकलं, आणि बायको दुकानात डोकावली तेव्हा तो गाढ झोपला होता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बंद पडलेलं घड्याळ घेऊन पायरी चढलं. मामांनी खिशातली शिट्टी काढली नाही की आवाजही चढवला नाही. त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं.

"कोणी हलायचं नाही," ते कुजबुजले.